शिकारग्रंथांतील बंदुकीचा अध्याय

शिकारीवरील जुन्या इंग्रजी ग्रंथांत बहुधा एक अध्याय असा असतो की, जो सामान्य वाचक न वाचताच पुढे जातो. वाघाचा हाका, मचाणावरील रात्र, नदीकाठचा तळ ही वर्णने तो आवडीने वाचतो. परंतु नळीचा व्यास, दारूचे वजन आणि गोळीचा आकार यांची चर्चा सुरू झाली, की आपण वाङ्मय सोडून लोहाराच्या दुकानात शिरलो असे त्यास वाटू लागते. मीही पुष्कळ वर्षे असाच वाचीत आलो. साहित्याचा अध्यापक या नात्याने मला निसर्गवर्णन हवे होते, स्वभावचित्रण हवे होते; हत्यारांची जंत्री नको होती. अलीकडे मात्र माझे मत पालटले आहे. शिकारी लेखकाचे खरे शील त्याच्या वाघाच्या गोष्टीत दिसत नाही, ते या रुक्ष अध्यायात दिसते, असे आता मला वाटते. हे मत का पालटले ते सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त घरगुती आहे. अकोल्याकडील माझ्या आजोळचा जुना वाडा आवरावयाचा होता. आजोबांच्या कपाटात फोर्सिथ, बेकर, डनबार ब्रँडर, कॉर्बेट अशी शिकारीची पुस्तके निघाली. ती झटकून देण्याच्या कामी माझा अठरा वर्षांचा भाचा होता. पुस्तके झटकता झटकता तो ती चाळू लागला आणि थोड्या वेळाने मला म्हणाला, "मामा, हरणाच्या शिकारीसाठी नवशिक्यानं कोणती रायफल घ्यावी, एवढाच प्रश्न. आन् ह्या पुस्तकांत प्रत्येकाचं उत्तर वेगळं! एवढी शहाणी माणसं एवढ्याशा गोष्टीवरून भांडतात कायले?" मी त्यास सांगितले की, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, शिकारीचा शोक तेव्हाच संपला, आता उत्तर सापडूनही उपयोग नाही. तो म्हणाला, "उपयोगाचं नाही विचारत. भांडण कशाचं, ते विचारतो." पोराचा प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. म्हणून टाळलेले ते अध्याय मी त्या सुटीत प्रथमच लक्षपूर्वक वाचले.

प्रथम प्रश्नातील शब्द नीट लावून घेतले पाहिजेत. वऱ्हाडच्या सपाटीवरील शेतकरी 'हरीण' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा काळवीट असते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे मृगकुळातील नव्हेच. त्याची शिंगे जन्मभर टिकतात. मेळघाटातील चितळ, सांबर व भेकर हे खरे मृग. त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा नवी येतात. हा भेद केवळ पंडिती नाही. काळविटाचा नर सामान्यतः ३० ते ४० किलो वजनाचा, चितळाचा ७० ते ९० किलोचा, तर सांबराचा नर २०० किलोंच्याही वर जातो. अर्थात 'हरणासाठी कोणती रायफल' हा प्रश्न एक नसून तीन आहेत, आणि ग्रंथकारांच्या भांडणाचा निम्मा भाग येथेच मिटतो. कोणी मोकळ्या माळावरील काळवीट डोळ्यांपुढे ठेवून लिहिले, तर कोणी सागाच्या रानातील सांबर.

दुसरा शब्द नळीच्या मापाचा. छऱ्याच्या बंदुकीस 'बारा बोअर' म्हणतात, ते एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी त्या नळीत बरोबर बसते म्हणून. या पद्धतीत आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. रायफलीचे कॅलिबर मात्र इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. .२७५ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर, .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या फरकासाठी माणसे हमरीतुमरीवर येतात हे पाहून कोणास हसू येईल. परंतु थोडे थांबावे.

सातपुड्याविषयी लिहिणाऱ्या इंग्रजांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ अग्रगण्य होय. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा त्याचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो वारला. पचमढीचे पठार, कोरकू व गोंड लोक, सागाची जंगले यांची त्यातील वर्णने आजही वाचनीय आहेत. परंतु याच गृहस्थाने त्यापूर्वी, १८६३ साली, शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे वाङ्मयाचे वाचक सहसा लक्षात घेत नाहीत. मोठ्या नळीची रायफल घ्यावी, तिच्या आतील पीळ अगदी मंद ठेवावा, म्हणजे भरपूर दारू घालूनही शिशाची वाटोळी गोळी पिळावरून घसरणार नाही. ती जवळच्या पल्ल्यात सरळ जाईल आणि मोठी जखम करून जनावर जागीच पाडील, असा त्याचा सिद्धांत. सिद्धांत पुढे जुना झाला. परंतु त्यामागील चिंता जुनी झाली नाही. जनावर लागून पळाले आणि सापडले नाही, तर तो शिकाऱ्याचा पराभव होय, ही ती चिंता.

पुढे 'एक्सप्रेस' रायफली आल्या. हलकी, टोकाशी पोकळ गोळी आणि पुष्कळ दारू, अशी त्यांची योजना. गोळी वेगाने व सरळ जाई, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधे. नवशिक्यास ही मोठीच सोय. पण मोठ्या जनावराच्या खांद्यावर हीच पोकळ गोळी वरच्यावर फुटून जाई आणि जनावर घायाळ होऊन निघून जाई. सॅम्युअल बेकरने १८९० च्या आपल्या ग्रंथात भरीव शिशाच्या गोळीची बाजू हिरिरीने मांडली ती याचसाठी. मग बिनधुराची दारू आली आणि नळ्या एकदम बारीक झाल्या; .३०३, .२७५ ही मापे रूढ झाली. या बारीक गोळ्यांवर धातूचे कवच असे. त्या जनावरातून सुईसारख्या आरपार जात. म्हणून टोक उघडे ठेवून फुलणारी गोळी करण्याची युक्ती निघाली. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्याच्या नावाने ती जगभर कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ साली हेग येथील परिषदेने युद्धात अशा गोळ्यांचा वापर निषिद्ध ठरविला. येथे एक विलक्षण विरोध दिसतो. माणसावर जी गोळी क्रूर म्हणून त्याज्य ठरली, तीच मृगावर दयाळू म्हणून ग्राह्य ठरली. कारण युद्धात शत्रू लढाईतून बाद झाला म्हणजे पुरे, पण शिकारीत जनावर जगून राहिले तर ते तडफडण्यासाठीच जगते.

हे सारे वाचून झाल्यावर माझ्या ध्यानी आले की, भांडण व्यासाचे नाहीच. ते जखमी जनावराचे आहे. नवशिक्यास रायफल सांगताना दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. खालची मर्यादा जनावर ठरविते: गोळीत एवढे बळ हवे की, ती योग्य जागी लागली असता प्राण तत्काळ जावा. वरची मर्यादा नवशिक्याचा खांदा ठरवितो: धक्का एवढाच असावा की, चाप ओढताना त्याचे डोळे मिटू नयेत. १९१२ साली निघालेली .३७५ मॅग्नम उत्तम रायफल खरी. पण तिचा धक्का.२७५ च्या दुपटीहून अधिक. तो एकदोनदा खाल्लेला नवशिका पुढच्या बाराच्या आधीच दचकतो, आणि दचकलेल्या हाताची मोठी गोळी लहान गोळीपेक्षा अधिक वाईट जखम करते. उलट .२२ ची रायफल मुलासही पेलते. परंतु चितळावर ती झाडणे म्हणजे त्यास सावकाश मारणे होय. बारा बोअरमधून एल. जी. छर्रे सोडणारास वाटते की, इतक्या गोळ्यांपैकी एखादी तरी लागेलच. लागते ती पोटात किंवा पायात. म्हणून काळवीट व चितळ यांसाठी ६.५ ते ७ मिलिमीटरची, बेताच्या धक्क्याची, फुलणाऱ्या गोळीची रायफल, आणि सांबरासाठी त्याहून जड गोळी, हे उत्तर मला सर्वांत समंजस वाटले. आपल्याकडे इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ पुष्कळांच्या हाती दिसे, ती सर्वोत्तम म्हणून नव्हे. लष्करी माप नागरिकांस वर्ज्य आणि हे माप मात्र मोकळे, म्हणून.

आणखी एक गोष्ट सपाट वऱ्हाडास विशेष लागू आहे. रायफलीची चुकलेली गोळी दोन मैलांपलीकडेही जाते. डोंगरात तिला मागे उतार असतो. दर्यापूरकडील काळ्या रानात काळविटामागे असते ते क्षितिज, आणि क्षितिजावर निंदणाऱ्या बाया. या सावधगिरीवर जो लेखक शब्दही खर्चीत नाही, त्याच्या शौर्यकथा मी आता वेगळ्या नजरेने वाचतो.

ही कसोटी लावून पाहिली असता ग्रंथकारांची प्रतवारी बदलते. डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत .२७५ ने शेकडो हत्ती मारले. हे वाचून पुष्कळ नवशिक्यांचा समज झाला की, बारीक गोळी सर्वांस पुरते. पण बेलने हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता आणि त्याचा नेम असामान्य होता. अपवादात्मक पुरुषाचे यश हे सामान्य माणसाचे शास्त्र होत नाही. हा दोष बेलचा नव्हे, वाचकाचा होय. कॉर्बेटचे तसे नाही. चौगडच्या वाघिणीवर त्याने एका हाताने .२७५ झाडली, कारण दुसऱ्या हातात पक्ष्याची अंडी होती. हा प्रसंग सर्वांस आठवतो. परंतु १९४४ च्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' या ग्रंथाचा कणा तो नव्हे. वाघ नरभक्षक का होतो, याचे कॉर्बेटने दिलेले एक प्रमुख कारण म्हणजे कोणीतरी निष्काळजीपणे घातलेली गोळी व नंतर न शोधलेले जखमी जनावर. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली असे तो सांगतो; १९०७ साली ती पडली तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळले. एक अज्ञात शिकारी, एक चुकलेला बार, आणि त्याची किंमत मोजणारी ४३६ कुटुंबे. कॉर्बेट मोठा ठरतो तो त्याच्या नेमामुळे नव्हे. दुसऱ्याच्या चुकलेल्या नेमाचा हिशेब त्याने स्वतःच्या ग्रंथात मांडला, म्हणून तो मोठा.

तथापि या सर्व वाङ्मयात एक मोठी उणीव आहे. त्यातील 'नवशिका' कोण? तो नुकताच बोटीतून उतरलेला गोरा अंमलदार असतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याने येथील माणसाच्या हातातील हत्यारास परवान्याची अट घातली. १९०७ च्या सुमारास .४५० मापाची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. ती जुन्या लष्करी रायफलींस उपयोगी पडतील अशी सरकारला भीती होती. बंदूककारांनी लगेच .४६५ व .४७० ही नवी मापे काढली. म्हणजे साहेबाच्या रायफलीचा व्यासदेखील आमच्या संभाव्य बंडाने ठरविला! आणि हे ग्रंथ तर असे लिहिले आहेत की, जणू माप ठरविणारे फक्त जनावर व शास्त्र. मेळघाटातील ज्या कोरकूने माग काढला तो बहुधा नावावाचून येतो व नावावाचून जातो. वऱ्हाडातील फासेपारधी बंदुकीवाचून हरणे धरी. त्याचे कौशल्य पाहून काही लेखक थक्क होतात, पण इंग्रजी कायद्याने त्यास जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि तो शिक्का १९५२ साली पुसला गेला, याची दाद त्या पुस्तकांत लागत नाही. एकाने मारले तर ती क्रीडा, दुसऱ्याने पोटासाठी धरले तर तो गुन्हा. डनबार ब्रँडरने १९२३ च्या ग्रंथात प्राण्यांच्या सवयींचे जे बारीक निरीक्षण केले, त्याच्या शतांश निरीक्षण या माणसांच्या वाट्यास आले असते तरी हे वाङ्मय अधिक पूर्ण झाले असते.

आता स्वतःकडे पाहू. आपल्या परंपरेत मृगयेविषयी करुणा उदंड आहे. दुष्यंताचा बाण तपस्व्यांनी अडविला. रघुवंशात हरिणी नराच्या आड येऊन उभी राहिलेली पाहून दशरथाने ताणलेले धनुष्य सैल सोडले. लीळाचरित्रात पारध्यांच्या पुढे पळणारा ससा चक्रधरांच्या आश्रयास आला व राखला गेला. तो ग्रंथ म्हाइंभटांनी सिद्ध केला तो आमच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास. अलीकडच्या काळात व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे वही घेऊन. त्यातून 'नागझिरा' सारखे पुस्तक आले. मारुती चितमपल्ली यांनी तर आयुष्य वनखात्यात घालवून रानाची भाषाच मराठीस दिली. २००६ च्या सोलापूर साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२५ साली निवर्तले. हे धन लहान नाही. परंतु माझी एक तक्रार आहे. आपली करुणा बहुधा बाण सुटण्यापूर्वी तरी बोलते, नाहीतर हरिण वाचल्यावर. बाण चुकीचा लागला तर काय, याचा विचार आपण एकाच कथेत पुरा केला, आणि ती कथा दशरथाचीच. ज्याने हरिणीकडे पाहून धनुष्य उतरविले त्याच राजाने पाण्याच्या आवाजावर, लक्ष्य न पाहता, बाण सोडला आणि मुनिकुमार मारला. त्याच्या बाणात उणीव नव्हती, बाहूत नव्हती, पाहण्यात होती. नवशिक्यासाठी याहून चांगला धडा कोणत्याही इंग्रजी ग्रंथात नाही. आपण मात्र त्यास केवळ शापाची कथा करून ठेविले.

कोणी म्हणेल, बंद झालेल्या छंदाच्या व्यासाचा हा काथ्याकूट आज कशासाठी? तर प्रश्न संपलेला नाही, म्हणून. रोही व रानडुक्कर यांनी तूर-सोयाबीन तुडवून टाकल्यावर वऱ्हाडातील शेतकऱ्याची रात्र माळ्यावर जाते. पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची तरतूद कायद्यात आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकासाठी त्यास हात लावता येत नाही, आणि कारंजा-सोहोळचे अभयारण्य तर त्याच्यासाठीच राखले आहे. पण जेथे परवानगी मिळते तेथे बंदूक कोणाच्या हातात असते? नवशिक्याच्याच. आणि कोणती? १९५९ च्या शस्त्रकायद्यात पीकसंरक्षणासाठी स्वतंत्र उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा! दोनशे किलोंच्या रोह्यावर अंधारात ठासणीचा बार म्हणजे फोर्सिथ ज्या चिंतेने झुरला तीच चिंता पुन्हा दारात. कोणी हताश होऊन कुंपणात वीज सोडतो. त्यात कधी जनावर मरते, कधी शेजारी. अशा वेळी शहरातील वाचकाने नुसते हळहळणे आणि गावातील माणसाने नुसते संतापणे, या दोहोंतही जखमी जनावराचा विचार नाही. कायद्याने मारावयाचेच ठरले तर ते निपुण हाताने, पुरेशा हत्याराने, उजेडात व एकाच बारात व्हावे. आणि हे जमणार नसेल तर भक्कम कुंपण व वेळेवर भरपाई यांवर पैसा खर्च करावा. हे सांगावयास जो अध्याय लागतो तो मराठीत अजून कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

आजोबांच्या पुस्तकाविषयी एक सांगावयाचे राहिले. बंदुकीच्या अध्यायात, छऱ्यांविषयीच्या मजकुरालगत, समासात पेन्सिलीने एक तारीख व त्यापुढे दोनच शब्द आहेत: "सापडले नाही." आईस विचारले तेव्हा तिने सांगितले की, ती लहान असताना आजोबा एका संध्याकाळी चिखलाने भरून घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रानात गेले, त्यानंतर त्यांनी बंदूक हाती धरल्याचे तिला आठवत नाही. घरात या गोष्टीची वाच्यता कधी झाली नाही. शिकारीच्या इतर प्रसंगांच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगत.

भाच्यास मी ते पान दाखविले. त्याने बराच वेळ पाहिले व विचारले, "मग आजोबांकडे .२७५ असती तर?" मी म्हटले, "कदाचित सापडले असते. कदाचित त्यांनी बारच केला नसता. हत्यार चांगले असले म्हणजे ते केव्हा उचलू नये हेही कळावयास अवकाश मिळतो." त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. परंतु इतर पुस्तके ग्रंथालयास देण्यासाठी बांधली तेव्हा ते एक त्याने मागून घेतले, आणि मीही ते आनंदाने दिले.